दूध पुरत नाही म्हणे

माझी मुलगी दौंडच्या एका खासगी दवाखान्यात जन्मली. सिझर झालं होतं. टाके सांभाळत कुशीवर कसं वळायचं हे मी अजून शिकतच होते, तेवढ्यात माझ्याबद्दलची एक बातमी मला वगळून सगळ्या नातेवाइकांपर्यंत पोचली. हिच्या अंगावर दूध नाही. बातमी कुणी काढली ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण पुरावा भक्कम होता. बाळ रडत होतं.

बाळ रडण्याला आमच्याकडे एकच कारण असतं. त्याला थंडी वाजत असेल, लंगोट ओला असेल, सकाळपासून अनोळखी बायकांच्या मांडीवरून मांडीवर फिरून ते वैतागलं असेल, असल्या शक्यता कुणी धरत नाही. बाळ रडतंय म्हणजे ते उपाशी आहे, आणि ते उपाशी आहे म्हणजे आईतच काहीतरी कमी आहे.

मी मूळची पाटसची. लग्न होऊन निमोण्याला गेले, आणि नोकरीला रांजणगावच्या एका कंपनीत आहे. गाड्यांचे सुटे भाग येतात, ते तपासून पास की नापास ते सांगायचं, हे माझं काम. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून रजा घेऊन पाटसला आले होते. नापास हा शब्द मी रोज सहज वापरत असे. तो आपल्यालाच चिकटला की कसा वाटतो ते दौंडच्या त्या कॉटवर कळलं.

दवाखान्यात सगळ्यात आधी पोचल्या माझ्या थोरल्या चुलती. आम्ही त्यांना मोठ्या काकू म्हणतो. बाळंतपण हा त्यांचा खास प्रांत. गावात कुणीही बाळंत झालं की काकू चहाचा थर्मास आणि आपलं मत घेऊन हजर असतात. त्यांनी बाळाचं तोंड पाहिलं, "लक्ष्मी आली, चांगलं झालं," असं कुणाच्या मयताला आल्यासारखं म्हणाल्या, आणि मग माझ्याकडे वळल्या.

"दूध उतरलं का?"

"थोडं थोडं येतंय काकू. पिवळं, चिकट आहे."

"त्यो चीक हाय. त्यो पाजू नगं. बाधतो लेकराला. पिळून टाक."

आमच्या घरी गाय व्यायली की चिकाचा खरवस होतो. गूळ, वेलदोडा घालून वड्या पाडतात, शेजारीपाजारी वाट्या पाठवतात, आणि ज्याच्याकडे वाटी पोचली नाही तो रुसतो. काकू स्वतः दोन वाट्या मागून घेतात. गाईचा चीक पौष्टिक आणि बाईचा चीक बाधणारा, हे कोणत्या हिशेबानं, असं मी विचारायला हवं होतं. पण पोटाला ताजे टाके असताना माणूस वाद घालत नाही. मी आईकडे बघितलं. आई काकूंकडे बघत होती.

तेवढ्यात नर्स आली. म्हणाली, "सिझरला जरा उशीर लागतो. लावत राहा बाळाला. पण पावडरच्या दुधाचा एक डबा आणून ठेवा, अगदीच गरज पडली तर." यातलं 'लावत राहा' कुणाच्या कानावर पडलं नाही, 'अगदीच गरज पडली तर' हेही पडलं नाही. डबा तेवढा सगळ्यांनी ऐकला. माझे मिस्टर तर तिचं बोलणं संपायच्या आत जिना उतरले होते. बाकी वेळी एक लिंबू आणायला सांगितलं तर संध्याकाळ करणारा माणूस. पण त्या दिवशी ते डबा, बाटली, ब्रश आणि बाटली उकळायचं भांडं असं सगळं घेऊन आले, आणि आल्या आल्या मला धीर दिला.

"तू टेन्शन घेऊ नको. मी तर म्हशीच्या दुधावर वाढलोय. मला काय झालं?"

हे ते कौतुकानं सांगतात. निमोण्याला त्यांच्या घरी एक म्हैस होती, तिच्या दुधावर आपण असे धिप्पाड झालो, असं लग्न ठरवायला आले होते तेव्हाही सांगितलं होतं.

डबा वाईट होता असं मला म्हणायचं नाही. कितीतरी लेकरं डब्यावर वाढतात, चांगली वाढतात, आणि काही आयांना तोच खरा आधार असतो. माझी तक्रार डब्याबद्दल नाही. मला कुणी विचारलंच नाही, ही तक्रार आहे. बाटली तोंडाला लागली, बाळ ढाराढूर झोपलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे 'बघ, भूकच होती' अशा नजरेनं पाहिलं.

पाटसला घरी आलो तेव्हा कारखान्याचा सीझन ऐन भरात होता. घर रस्त्याला लागूनच. उसाच्या ट्रॉल्या मोठ्यानं गाणी लावून जात, आणि त्यांच्याइतक्याच नेमानं घरात बाळ बघायला बाया येत. प्रत्येकीच्या हातात पेढ्याचा पुडा किंवा झबलं आणि तोंडात सल्ला. एक म्हणाली भात खाऊ नको, लेकराला सर्दी होते. दुसरी म्हणाली भात सोडू नको, दूध वाढतं. शेपू खा. शेपू अजिबात नको. गरम पाणी पी. पाणी कमी पी, दूध पातळ होतं. आई बिचारी सगळ्यांचं ऐकायची. सकाळी डिंकाचा लाडू, मग हळिवाची खीर, दुपारी बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी, वर शतावरीचं दूध. दूध कमी आहे म्हणून मला इतकं खायला घातलं जात होतं की, त्या काळात घरात सगळ्यात बाळसेदार मीच दिसत होते.

आईला भीती वेगळीच होती. ती एकदा बाटली धुताना म्हणाली, "पोरगी आपल्याकडं हाय तोवर वाळली नाही पाहिजे. उद्या निमोण्याचे म्हणतील, माहेरी धाडली आन् लेकरू उपाशी मारलं." म्हणून ती बाळ जरा कुरकुरलं की लगेच बाटली करायची. मी बाळाला अंगावर घेतलेलं असायचं, ते ओढत असायचं, मध्येच तोंड सोडून रडायचं, आणि आई दारात बाटली घेऊन उभी असायची. तिनं कधी जबरदस्ती केली नाही. ती फक्त उभी राहायची. तेवढं पुरे व्हायचं.

मग जे होतं तेच झालं. बाटलीतून दूध आपोआप येतं, अंगावर कष्ट पडतात, त्यामुळे बाळाला बाटली आवडायला लागली. ते कमी ओढायला लागलं तसं माझं दूध खरोखरच कमी झालं. म्हणजे आधी नुसती बातमी होती, ती सगळ्यांनी मिळून खरी केली. आणि मग एक दिवस मीच एका शेजारणीला सांगितलं, "मला दूधच नाही ना, काय करणार." तिनं मान हलवली. काकूही तिथं होत्या. त्यांना बरं वाटलेलं दिसलं.

तरीही काकूंना खात्री करून घ्यायची होती. त्या एका दुपारी स्टीलची छोटी वाटी घेऊन आल्या.

"ह्यात पिळ जरा. मुंग्यांपुढं ठिवायचं. मुंग्यांनी खाल्लं तर दूध चांगलं. न्हाई खाल्लं तर नासकं. माझ्या माहेरी असंच बघत्यात."

मी बी.एस्सी. केमिस्ट्री. कंपनीत माझ्या टेबलावर लाखाची यंत्रं आहेत, त्यांच्या रीडिंगवर मी संशय घेते, पुन्हा तपासायला लावते. पण त्या दुपारी मी मुकाट्यानं वाटीत दूध पिळून दिलं. काकूंनी वाटी मागच्या दारी शेवग्याच्या बुंध्याशी ठेवली. मी खिडकीतून बघत बसले, बोर्डाच्या निकालाची वाट बघावी तशी. मुंग्या आल्या, वाटीच्या बाजूनं गेल्या आणि पुढं निघून गेल्या. पुढं पायरीवर डिंकाच्या लाडवाचा भुगा सांडला होता, तिकडं त्यांची रांग लागली होती. मला तो भुगा दिसत होता. तूप, खोबरं, गूळ, डिंक. मी मुंगी असते तर मीही तिकडंच गेले असते.

काकू आत आल्या. "न्हाई खाल्लं," म्हणाल्या.

आणि मी, समोर भुगा दिसत असताना, तोंड भिंतीकडे करून रडले. मुंग्यांनी नापास केलं म्हणून.

पुढच्या आठवड्यात बारसं झालं. दारात छोटा मांडव, पुरुषांना बाहेर खुर्च्या, बायकांना आत सतरंजी. निमोण्याहून एका पिकअपमध्ये सगळी मंडळी आली. त्यात माझ्या सासूबाई होत्या. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात, मीही त्यांना आत्याच म्हणते. उंच, काळ्यासावळ्या, कमी बोलणाऱ्या. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली तरी मला त्यांचा अंदाज आला नव्हता. आईनं त्यांच्या धास्तीनं बाळाला पावडर जरा जास्तच लावली होती.

पाळण्याची गाणी झाली, नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. आता बायका घरी जातील असं वाटत होतं, तेवढ्यात बाळ रडलं. उठायला लागलेल्या बायका पुन्हा सतरंजीवर बसल्या, आणि मग मोठ्या काकूंनी सभा सुरू केली. माझ्या सासूबाईंना उद्देशून म्हणाल्या, "ईनबाई, तुमच्या सुनंला दूधच न्हाई बघा. सगळं करून बघितलं. मुंगीबी लावून बघितली."

मुंगी लावून बघितली हे ऐकून निमोण्याच्या दोघी जवळ सरकल्या. मग एकेकीनं आपापली माहिती दिली. कुणाच्या भाचीला असंच झालं होतं. कुणाच्या जावेला इतकं दूध होतं की शेजारचं लेकरू पण प्यायचं. कुणीतरी म्हणालं, आजकालच्या कंपनीत जाणाऱ्या पोरींना कुठलं दूध येतंय, दिवसभर मशीनपुढं बसून आटून जातं. चर्चा अशी रंगली की जिच्याबद्दल होती ती तिथंच बसली आहे आणि जिच्यासाठी होती ती रडते आहे, हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

आई बाटली करायला उठली, पण थर्मासमधलं गरम पाणी चहात गेलं होतं आणि गॅसवर पाहुण्यांचा भात होता. "थांब जरा, भात उतरला की करते," म्हणाली. बाळ थांबणार नव्हतं. मी त्याला उचललं आणि आतल्या खोलीत गेले. काही ठरवून गेले नाही. तिथं रडण्याचा आवाज बाहेर कमी जाईल, एवढंच डोक्यात होतं.

आत आमचं धान्य ठेवलेलं असायचं. पोत्याला टेकून बसले आणि दुसरं काही हातात नव्हतं म्हणून तिला अंगावर घेतलं. तिनं तोंड फिरवलं. पुन्हा घेतलं. पुन्हा फिरवलं. तेवढ्यात दार उघडलं आणि आत्या आत आल्या. मी पदर ओढला. मला वाटलं, आता यांचाही सल्ला. त्यांनी दार लोटून घेतलं, आणि दाराला पाठ लावून खाली बसल्या. बाहेरून कुणी ढकललं तरी उघडणार नाही अशा.

"पाज," म्हणाल्या. "मी हाय हितं."

"नाही घेत ती. मला दूध नाहीये आत्या."

"कोन म्हनलं?"

मी काय सांगणार? काकू, नर्स, आई, मुंग्या. बाहेर कुणीतरी मोठ्यानं हसलं. आत्या जमिनीकडे बघत बोलायला लागल्या. आवाज अगदी साधा, कालची भाजी काय होती ते सांगावं तसा.

"मलाबी न्हवतं. असं म्हनले. थोरला झाला तवा. माझ्या सासूनं पान्याच्या वाटीत माझं दूध टाकलं. तळाला गेलं तर चांगलं म्हने. माझं पान्यात मिसळून गेलं. म्हनली, हे तर पानीच हाय नुसतं. पोराला बोंडल्यानं म्हशीचं दूध सुरू केलं."

"मग?"

"मग काय. मी कांदं खुरपायला जायचे. दुपारपातुर चोळी भिजायची. अशी भिजायची की पदर पुढं घ्यावा लागायचा. दूध न्हाई म्हनत्यात आन् चोळी भिजती. कुणाला इचारू? मी आपली बांधाच्या पल्याड जाऊन पिळून टाकायचे. मातीत."

बाळ रडत होतं, पण मघापेक्षा कमी.

"दुसऱ्या खेपंला पोरगी झाली," आत्या म्हणाल्या. "तवा कुणी वाटी घिऊन आलंच न्हाई. पोरीचं कोन बघतंय. ती प्याली दोन वर्सं. त्याच दुधावर."

आणि त्या जरा हसल्या. त्यांना हसताना मी फार वेळा बघितलं नव्हतं.

"ह्याला सांगू नगं पन," म्हणाल्या. 'हा' म्हणजे त्यांचा मुलगा, माझा नवरा. "त्याला म्हशीचा लई अभिमान हाय."

मला हसू आलं, खरं हसू, टाक्यांना ओढ बसली इतकं. आणि हसता हसता कधी बाळानं तोंडात घेतलं ते कळलं नाही. आधी दोनदा ओढून सोडलं, मग धरलं. मग तिच्या गळ्यातून गिळण्याचा बारीक आवाज यायला लागला. आत्यांनी तो ऐकला. बोटानं फक्त तिकडं दाखवलं. बाहेर माझ्या दुधावरची सभा चालूच होती. कुणीतरी शतावरीचा पत्ता सांगत होतं. आत बाळ पिऊन झोपलं. आईनं बाटली घेऊन दार ढकललं, ते उघडेना, म्हणून ती बाहेरच उभी राहिली.

इथं गोष्ट संपली असती तर छान झालं असतं. पण एकदा प्यायली म्हणून सगळं सुरळीत झालं असं होत नाही. संध्याकाळी ती पुन्हा बाटलीसाठी रडली. निमोण्याची मंडळी पिकअपमध्ये बसायला लागली तेव्हा आत्यांनी आपली पिशवी खाली काढून घेतली आणि आईला म्हणाल्या, "ईनबाई, मी राहते चार दिस."

व्याह्यांच्या घरी विहीण मुक्कामाला राहते हे आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला. तिला वाटलं, तपासणीला बसल्या. तिनं घाईघाईनं नवी चादर काढली, कपाटातले काचेचे ग्लास काढले, आणि पहिले दोन दिवस स्वयंपाकात तूप इतकं पडलं की वडिलांनी विचारलं, घरात काही कार्य आहे का.

आत्या तपासत काही नव्हत्या. त्या माझ्या खोलीच्या दारात नातीचे लंगोट घड्या करत बसत आणि बघायला आलेल्या बायांना सांगत, "झोपलीया." बाळ आत जागं असो, रडत असो, उत्तर एकच. बाया चहा घेऊन परत जात. सल्ले कमी झाले. सल्ले कमी झाले तर बाईला किती मोकळं वाटतं, हे कुणी पुस्तकात लिहायला हवं. मी दिवसभर बाळाला छातीशी धरून पडायचे. ती मागेल तेव्हा, न मागेल तेव्हा. आधी अंगावर, मग भूक उरली तर बाटली. पहिल्यांदा बाटली जायचीच. मग कमी जायला लागली. काही दिवस एक पाऊल पुढं आणि दीड मागं असं वाटायचं. एकदा मी कंटाळून म्हणाले, "द्या सरळ बाटली, मरू दे." आत्यांनी दिली. मग ती झोपून उठल्यावर म्हणाल्या, "आता लाव." एवढंच. त्या मला शिकवत नव्हत्या. त्यांना काही वेगळं येत नव्हतं. त्या फक्त, मला दूध नाही हे मानायला तयार नव्हत्या, आणि घरात तसं न मानणारं ते पहिलं माणूस होतं.

चार दिवसांसाठी राहिलेल्या आत्या बऱ्याच दिवसांनी गेल्या. तोवर आईच्या आणि त्यांच्या गप्पा जमल्या होत्या, काचेचे ग्लास कपाटात परत गेले होते. त्या असतानाच एके दुपारी दोघी भाजी निवडत होत्या आणि आई म्हणाली, "मला तरी कुठं माहीत होतं माझं दूध कसं होतं. हिच्या वेळी मी बी गाईचं सुरू केलं होतं, सगळे म्हनले म्हनून." हे मला माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. आईनं माझ्याकडे न बघता मेथीची काडी मोडली.

नंतर बाळाला लस द्यायला दौंडला त्याच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तिला वजनाच्या काट्यावर ठेवलं, मांडीच्या वळ्या दाबून बघितल्या आणि खूश झाले.

"बघा, डब्यानं कसं बाळसं धरलंय. चालू ठेवा."

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "डबा बंद हाय डॉक्टरसाहेब. कवाच. आईचं पिती ती."

आई डॉक्टरांसमोर कधी मान वर करून बोललेली मी बघितली नव्हती. आवाज थोडा चढलाच होता. बाहेर बाकड्यावर बसलेल्यांनाही ऐकू गेलं असावं.

"हो का," डॉक्टर म्हणाले. "छान." आणि पुढच्या पेशंटला बोलावलं. आमच्या घरात इतकं रामायण झालं, त्याला दवाखान्यात दोन शब्द मिळाले. आईला ते पुरले. येताना तिनं एसटीत शेजारच्या बाईला, न विचारता, सगळं सांगितलं.

काकूंनी मात्र हार मानली नाही. त्या म्हणाल्या, "मी दिलेल्या शतावरीनं आलं." शतावरी दुसऱ्याच कुणी दिली होती, पण मी होकार दिला. आपल्यामुळे झालं असं ज्याला त्याला वाटू द्यावं, घरात शांतता राहते.

रजा संपली, निमोण्याला आले, आणि कंपनीच्या बसनं पुन्हा रांजणगावला जायला लागले. मिस्टरांनी दूध काढायचा हाताचा पंप आणून दिला होता. पहिल्या दिवशी गेटवर गार्डनं बॅग उघडली. बिहारचा होता, नवीन.

"मैडम, ये क्या मशीन है?"

"दूध निकालने का."

"गाय का?"

"मेरा," मी म्हणाले.

त्यानं चेन लावली, बॅग दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली आणि त्यानंतर माझी बॅग कधीही तपासली गेली नाही. मी आख्खं इंजिन बाहेर नेलं असतं तरी चाललं असतं.

आमच्या कंपनीत महिला विश्रांती कक्ष आहे. दारावर पितळी पाटी आहे, ऑडिटला पाहुणे आले की ती दाखवतात. कक्षाला कुलूप असतं. किल्ली अ‍ॅडमिनला. मी किल्ली मागितली तर तिथला साहेब म्हणाला, "कशासाठी हवीय?" मी म्हणाले, "विश्रांतीसाठी." म्हणाला, "तब्येत बरी नाही का? मग हाफ डे घ्या ना." शेवटी मी कारण स्पष्ट सांगितलं. तो कॉम्प्युटरकडे बघत लाल झाला आणि किल्ली टेबलावर सरकवली. आत महिला दिनाचे जुने फ्लेक्स गुंडाळून ठेवले होते. एका फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात 'मातृशक्तीला वंदन' लिहिलं होतं. मी तो पसरला आणि त्याच्यावर बसून दूध काढलं. खुर्च्या होत्या, पण तिन्ही मोडक्या.

थोड्या दिवसांनी लाइनवरची एक मुलगी हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही त्या खोलीत जाता ना, मी पण येऊ? मला भरून येतं आणि मी बाथरूममध्ये पिळून टाकते." तिचं बाळ रांजणगावलाच भाड्याच्या खोलीत सासूजवळ होतं. मग आम्ही दोघी जायला लागलो. फ्लेक्स मोठा होता.

संध्याकाळी घरी आले की आत्या माझी बॅग आधी घेत. बाटली काढून वाटीत ओतायच्या आणि चमच्यानं नातीला पाजायच्या, कारण मी हातपाय धुऊन येईपर्यंत बाईसाहेबांना धीर नसे. एकदा मी मोरीतून बाहेर आले तर त्या दारात उभ्या होत्या. बाटली उजेडाकडे धरलेली. हलवून बघत होत्या. काचेला आतून सायीचा पातळ थर लागत होता आणि खाली ओघळत होता.

"कसं दाट हाय गं," म्हणाल्या.

मी टॉवेलनं तोंड पुसत जवळ गेले.

"माझंबी असंच आसंल न्हाई?"

"असंच असणार आत्या."

त्यांनी मान हलवली. मिस्टर ओट्यावर बसून चहा पीत होते, त्यांनी विचारलं, "काय असणार?" आत्या म्हणाल्या, "काय न्हाई. तू चहा पी."

मुलगी सव्वा वर्षाची झाली तशी नवीन सभा भरायला लागली. अजून पाजतेस का? दात आले की सोडवायचं असतं. कडुलिंब लाव. इतकं पाजलं तर जेवत नाहीत लेकरं. बारशाला दूध नाही म्हणून जमलेल्या निमोण्याच्याच बाया आता दूध फार झालं म्हणून जमत होत्या, आणि तितक्याच काळजीनं. मला आता त्यांचा राग येत नव्हता. मी चहा टाकायचे आणि ऐकत बसायचे.

सोडवलं मात्र मी नाही. एका संध्याकाळी बसमधून उतरून आले, नेहमीसारखी मांडी घालून भिंतीला टेकून बसले आणि हात पुढं केले. ती आत्यांच्या ताटाजवळ बसली होती. दुधात कुस्करलेली भाकरी दोन्ही हातांनी तोंडात कोंबत होती, अर्धी झबल्यावर. माझ्याकडे बघितलं, ओळख आहे एवढं दाखवण्यापुरतं हसली आणि पुन्हा ताटाकडे वळली. मी दोनदा हाक मारली. आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, दोन घोट प्यायली आणि काहीतरी राहून गेल्यासारखी उठून दारातल्या शेळीमागं गेली.

मला दूध पुरतंय की नाही, हे ठरवायला एवढी माणसं बसली होती. आणि आता पुरे, हे तिचं तिनं ठरवून टाकलं, कुणालाही न विचारता. मी अजून भिंतीला टेकूनच बसले होते. आत्यांनी माझ्यापुढं ताट आणून ठेवलं.

"जेव," म्हणाल्या. "गार होतंय."